अल्पतमवादी गृहरचना

घराच्या बांधणीत आवश्यक तेवढ्याच घटकांचा अंतर्भाव करून अनावश्यक अलंकरण, विभाजन व साहित्य वर्ज्य करणारी आणि प्रमाणबद्धता, प्रकाश, मोकळा अवकाश व साहित्याचा नैसर्गिक पोत यांच्या आधारे परिणाम साधणारी आधुनिक गृहरचनापद्धती. इंग्रजीतील ‘मिनिमॅलिझम’ या संज्ञेस मराठीत अल्पतमवाद असा पर्याय योजता येतो. ही संज्ञा प्रथम १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील चित्र-शिल्पकलेच्या संदर्भात रूढ झाली व पुढे ती वास्तुकलेस लावण्यात आली. तथापि संज्ञा नवी असली, तरी तिच्यामागील विचार बराच जुना आहे.

अल्पतमवादी घर आणि अपुरे घर यांत मूलतः भेद आहे. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबाच्या घरात वस्तू कमी असतात त्या परिस्थितीमुळे. अल्पतमवादी घरात त्या कमी असतात त्या विचारपूर्वक केलेल्या निवडीमुळे. पहिल्या घरात गरजा अपूर्ण राहतात, तर दुसऱ्यात सर्व गरजा पुरवून मगच बाकीचे वगळलेले असते. म्हणून या पद्धतीतील खरा प्रश्न किती काढून टाकले हा नसून, काय काढले व काय राखले हा आहे. त्याचे उत्तर स्थळाचे हवामान, घरात होणारे श्रम आणि कुटुंबाची राहणी यांवर अवलंबून असते. एका देशात निरर्थक ठरणारा भाग दुसऱ्या देशात घराचा प्राण असू शकतो.

संकल्पनेचा विकास : एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय घरांत बाह्य अलंकरणाचा अतिरेक झाला होता. त्याविरुद्ध ऑस्ट्रियन वास्तुविशारद आडोल्फ लोस (१८७०–१९३३) याने १९०८–१० च्या सुमारास ‘अलंकरण आणि गुन्हा’ या अर्थाच्या शीर्षकाखाली मांडलेले विचार फार गाजले. निरुपयोगी अलंकरणात कारागिराचे श्रम व साहित्य वाया जाते, असा त्याच्या युक्तिवादाचा एक महत्त्वाचा भाग होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा या विचाराला सामाजिक आशय लाभला. १९२९ मध्ये फ्रँकफुर्ट येथे आधुनिक वास्तुविशारदांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचा विषयच किमान गरजा भागविणारे निवासस्थान हा होता. त्यापूर्वी, १९२६ मध्ये, मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की (१८९७–२०००) या वास्तुविशारद स्त्रीने सु. १·९ मी. × ३·४ मी. आकाराचे ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ सिद्ध केले होते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची पावले व हालचाली यांचा अभ्यास करून त्यातील ओटा, कपाटे व खण यांच्या जागा निश्चित केलेल्या होत्या. कमी जागा म्हणजे कमी सोय असे नसून, श्रमांचा विचार केल्यास थोडी जागाही पुरेशी होते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याच काळात लूटव्हिख मीस व्हान डेर रोअ (१८८६–१९६९) याने ‘कमी म्हणजेच अधिक’ या सूत्राचा पुरस्कार केला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात त्याने बांधलेले फार्न्सवर्थ गृह (१९४५–५१) हे या पद्धतीचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण होय. आठ पोलादी स्तंभांवर जमिनीपासून सु. १·६ मी. उंच उचललेली फरशी, सपाट छत आणि चारही बाजूंस काचेच्या भिंती एवढेच त्याचे दृश्य स्वरूप आहे. स्नानगृहे व इतर सोयी मध्यभागी लाकडी आवरणात एकत्र केलेल्या आहेत. दृश्य सौंदर्याच्या दृष्टीने ही वास्तू अजोड मानली जाते. परंतु उन्हाळ्यात ती तापते, तिला लगतच्या नदीच्या पुराचा अनेकदा उपद्रव झाला आहे आणि बांधकामाच्या खर्चावरून मालकीण व वास्तुविशारद यांच्यात न्यायालयीन वादही झाला. या पद्धतीचे सामर्थ्य व तिचा धोका ही दोन्ही या एकाच घरात पाहावयास मिळतात.

अल्पतमवादी घर पांढरे व काचेचेच असले पाहिजे असे मात्र नाही. मेक्सिकोचा वास्तुविशारद लुइस बारागान (१९०२–८८) याने १९४८ मध्ये बांधलेल्या स्वतःच्या घरात साध्या, जाड भिंती व गडद रंग यांचा वापर केला. जपानच्या तादाओ आंदो (१९४१–  ) याने ओसाका येथील एका चिंचोळ्या भूखंडावर १९७६ मध्ये उघड्या काँक्रीटचे लहानसे घर बांधले. त्याच्या तीन भागांपैकी मधला भाग आकाशाकडे उघडा असून, पावसात एका खोलीतून दुसरीत जाताना छत्री घ्यावी लागते. निसर्गाशी संबंध राखण्यासाठी थोडी गैरसोय पत्करण्याचा हा विचार आहे. तो त्या कुटुंबाने स्वीकारला, म्हणूनच तेथे यशस्वी झाला.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : कोकणातील पारंपरिक घरात साधेपणाचे अनेक धडे सापडतात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटी व पडवी, आत माजघर आणि मागे स्वयंपाकघर अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. हलविता येणारे सामान त्यात फारच थोडे असे. कोनाडे व फडताळ भिंतीच्या जाडीतच बसविलेली असत, कपड्यांसाठी दांडी व खुंट्या असत आणि वर्षाचे जिन्नस माळ्यावर जात. रात्री अंथरूण पसरले की माजघराची शेजघर होई. सकाळी वळकटी भिंतीशी गेली की तीच जागा पंगतीला मोकळी होई. खोलीचा उपयोग तीत कायम मांडलेल्या सामानावरून न ठरता त्या त्या वेळच्या कृतीवरून ठरत असे. हे तत्त्व आजच्या अल्पतमवादी रचनेच्याही मुळाशी आहे.

विचारपूर्वक स्वीकारलेल्या साधेपणाचे महाराष्ट्रातील श्रेष्ठ उदाहरण म्हणजे वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातील बापू कुटी. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगाव येथे राहावयास आले. पुढे १९४० मध्ये या गावास सेवाग्राम असे नाव देण्यात आले. मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेली झोपडी पुढे गांधीजींच्या वापरासाठी वाढविण्यात आली व तीच बापू कुटी म्हणून प्रसिद्धीस आली. मातीच्या भिंती, बांबू व लाकूड यांचा सांगाडा, देशी कौले आणि उन्हापावसापासून भिंतींचे रक्षण करणारे ओटे व पडव्या असे तिचे स्वरूप आहे. बैठक जमिनीवरच असल्याने खुर्च्या-मेजांची गरज पडली नाही. भिंतीवर मात्र मीराबेन यांनी ताडाचे झाड, चरखा इत्यादींचे मातीचे उठावचित्रण केलेले आहे. सर्व अनावश्यक गोष्टी वगळलेल्या या घरातही हाताने घडविलेल्या अलंकरणास स्थान उरले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ते भिंतीच्याच मातीचे आहे व त्याने जागा अडविलेली नाही. सामाजिक विचारवंत इव्हान इलिच (१९२६–२००२) यांनी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या कुटीचाच आधार घेऊन, माणसाचे घर आणि सोयीच्या वस्तूंची साठवण करणारी इमारत यांतील भेद विशद केला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात, मूळचे आचरे (आता सिंधुदुर्ग जिल्हा) येथील अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी परदेशातील आधुनिक शिक्षणाचा भारतीय परिस्थितीत उपयोग केला. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी १९६०–६२ च्या सुमारास अहमदाबादसाठी ‘नळीघर’ या अल्पखर्ची घराचा आराखडा केला. सु. ३·६ मी. रुंद व १८·२ मी. लांब अशा या घरात आतील दरवाजे जवळजवळ वगळलेले होते आणि छताच्या उतारामुळे तापलेली हवा वर चढून माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडत असे. हे घर आज अस्तित्वात नाही. पण छताचा आकारच वायुवीजनाचे कार्य करतो, हा त्यातील विचार पुढे अनेकांनी अनुसरला.

कोरिया यांनीच सिडकोसाठी नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८३–८६ मध्ये ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत रचली. तीत सात घरे सु. ८ मी. × ८ मी. अंगणाभोवती आणि असे तीन समूह मिळून २१ घरे सु. १२ मी. × १२ मी. मोकळ्या जागेभोवती योजलेली आहेत. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक नसल्यामुळे प्रत्येक कुटुंबास आपले घर स्वतंत्रपणे वाढविता यावे, अशी योजना होती. कालांतराने रहिवाशांनी बहुतेक घरांत मोठे फेरफार केले व काहींच्या जागी काँक्रीटच्या उंच इमारती आल्या. त्यामुळे मूळ वास्तूंचे रूप बरेचसे लोपले, तरी अंगणांची मांडणी टिकून राहिली. घराची बांधणी बदलली, तरी घरांमधील मोकळी जागा अधिक टिकाऊ ठरते, असा याचा निष्कर्ष काढता येईल.

अलीकडील उदाहरणांत रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे स्टुडिओ मुंबई या संस्थेने नारळीच्या बागेत २००७ मध्ये बांधलेले पामायरा गृह उल्लेखनीय आहे. लाकडी सांगाड्याचे दोन लांबट भाग आणि त्यांना ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा अशी त्याची रचना आहे. या झडपा प्रकाश गाळतात, वारा आत येऊ देतात व एकांतही राखतात. भिंत, खिडकी व पडदा या तिहींचे कार्य एकच घटक करीत असल्याने बाह्यरूप साधे दिसते. हे घर श्रीमंत वर्गासाठी आहे हे खरे. परंतु त्यातील तत्त्वाचा अवलंब साध्या घरातही करता येतो.

रचनेची तत्त्वे : या पद्धतीत प्रथम कुटुंबाच्या दिवसभरातील कृतींची व घरातील वस्तूंची नोंद करणे आवश्यक असते. आराखड्यात ज्या वस्तूला जागा मिळत नाही, ती नाहीशी होत नाही. ती उघड्यावर येऊन बसते. महाराष्ट्रीय घरात दारातील चपला, देवघर, पिण्याचे पाणी, पावसाळ्यातील ओले कपडे, वर्षाचे धान्य, पाहुण्यांची अंथरुणे व गणेशोत्सवासारख्या प्रसंगी लागणारी मोकळी जागा यांचा विचार अगोदरच करावा लागतो. तो न केल्यास छायाचित्रात सुंदर दिसणारे घर सहा महिन्यांत अडगळीने भरते व त्याचा दोष गृहिणीच्या माथी मारला जातो. म्हणून साठवणीची जागा कमी करणे हा अल्पतमवाद नव्हे. उलट पुरेशी व योग्य ठिकाणची साठवण हीच त्याची पूर्वअट होय.

दुसरे तत्त्व सांध्यांचे आहे. चौकटीभोवतालच्या पट्ट्या, गिलाव्यातील गलथे आणि भिंतीच्या पायथ्याशी लावलेली फरशीची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, हे केवळ अलंकार नसतात. दोन भिन्न साहित्ये जेथे मिळतात तेथील फट व वाकडेपणा त्यांच्यामुळे झाकला जातो. ते वगळले म्हणजे प्रत्येक कड सरळ व प्रत्येक सांधा अचूक असावा लागतो. त्यासाठी अधिक कुशल गवंडी व सुतार लागतात आणि खर्च वाढतो. साधे दिसणारे काम स्वस्त असते, ही समजूत त्यामुळे बरेचदा चुकीची ठरते. आपल्याकडे फरशी पाण्याने पुसण्याची पद्धत असल्यामुळे स्कर्टिंग अजिबात न लावल्यास भिंतीचा तळ लवकरच मळतो व ओल धरतो. अशा वेळी ही पट्टी भिंतीच्या पातळीत आत बसविणे हा मधला मार्ग होय.

हवामान व बांधकाम : उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर अल्पतमवादी रचनेची खरी कसोटी लागते. येथील हवा उष्ण व दमट असून वार्षिक पर्जन्य सर्वसाधारणपणे २,००० मिमी.हून अधिक असतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दमट हवेत शरीरावरील घाम सहज वाळत नाही. म्हणून वाऱ्याचा झोत हेच गारव्याचे प्रमुख साधन ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व दमट प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे किमान क्षेत्र खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावे असे सांगितले आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशात ते एक दशांश पुरते. ही उघडी जागा समोरासमोरच्या भिंतींत व बसण्या-निजण्याच्या उंचीवर असल्यास अधिक उपयोगी पडते. न उघडणारी मोठी काच दृश्याला मोकळेपणा देते, पण वारा अडविते व ऊन आत घेते. मग वातानुकूलन यंत्रावाचून घर राहण्यायोग्य उरत नाही. छुप्या यंत्रांवर सर्वस्वी विसंबणाऱ्या घरास अल्पतमवादी म्हणणे कठीण आहे.

छज्जा वगळलेली गुळगुळीत भिंत ही समकालीन घरांची खूण झाली आहे. परंतु येथील सूर्याचे गणित छज्ज्याच्या बाजूने आहे. सु. १९° उत्तर अक्षांशावर मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेस सु. ४७° उंचीवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवरील ६० सेंमी. रुंद छज्जा संपातदिनी मध्यान्ही सु. १·७ मी. खोलीपर्यंत सावली पाडतो. डिसेंबरात हीच सावली सु. ६५ सेंमी. एवढीच पडते व कोवळे ऊन आत येते. पश्चिमेच्या तिरप्या उन्हास मात्र आडवा छज्जा पुरत नाही. तेथे उभ्या झडपा, पडवी किंवा झाड हवे. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर ४५° कोनात येणाऱ्या पावसापासून ६० सेंमी. छज्जा तेवढ्याच उंचीच्या भिंतीचे रक्षण करतो, म्हणून पावसाच्या बाजूस तो अधिक रुंद असावा लागतो. छज्ज्याच्या खालच्या पृष्ठावर कडेजवळ बारीक खाच ठेवली म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तेथूनच गळून पडते. डोळ्यांस न दिसणारी ही खाच हजारो घरांची ओल टाळू शकते.

उघडे काँक्रीट हे या पद्धतीचे आवडते साहित्य आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यातील सळया गंजून फुगतात व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. भारतीय मानकानुसार (२०००) किनारी हवेस उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटमध्ये सळयांवर किमान ४५ मिमी. जाडीचे आवरण आवश्यक मानले आहे; सौम्य परिस्थितीत ते २० मिमी. असते. ही मर्यादा पाळणे शक्य नसेल तेथे गिलावा व रंग यांचे साधे आवरणच अधिक प्रामाणिक ठरते.

उपनगरी सदनिकेतील उपयोजन : स्वतंत्र भूखंडावरील घर मुंबई परिसरातील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्यात नाही. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हा भाग अरबी समुद्र, वसईची खाडी व पूर्वेकडील वनाच्छादित टेकड्या यांमध्ये वसलेला आहे. तेथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सु. ८ लाख होती. या शहरातील पेणकरपाडा या नावातील ‘पाडा’ हे पद जुन्या लहान वस्तीचे द्योतक आहे. आज तो उपनगरी दाटीचा भाग बनलेला आहे. अशा ठिकाणी अल्पतमवादी रचनेचा खरा उपयोग प्रशस्त बंगल्यात नसून लहान सदनिकेत आहे.

शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत (२०१५) आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ३० चौ. मी. चटईक्षेत्राची मर्यादा धरली होती. राष्ट्रीय इमारत संहितेच्या किमान मापांनुसार एक खोली ९·५ चौ. मी., दुसरी ७·५ चौ. मी., स्वयंपाकघर ५ चौ. मी., स्नानगृह १·८ चौ. मी. व शौचकूप १·१ चौ. मी. धरल्यास २४·९ चौ. मी. क्षेत्र लागते. उरलेल्या सु. ५ चौ. मी. जागेत येण्याजाण्याची वाट, साठवण व कपडे वाळविण्याची सोय बसवावयाची असते. घराची सारी सुखसोय या पाच चौरस मीटरांच्या वापरावर ठरते. पाऊण मीटर रुंदीचे एक दार उघडण्यासाठी सु. ०·४४ चौ. मी. जागा मोकळी ठेवावी लागते. अशी दोन दारे सरकती केल्यास जवळजवळ एका कपाटाची जागा वाचते. दारांच्या माथ्यावर सलग माळा, दिवाणाखाली खण, खिडकीच्या तळाशी बसण्याचा कट्टा व त्याच्या आत साठवण, तसेच भिंतीला मिटणारे मेज या योजनांनी एकाच जागेचे दोन उपयोग होतात. छताची उंची मात्र संहितेतील २·७५ मी. पेक्षा कमी करू नये. आडोशाचे खोटे छत लावून तारा झाकण्याच्या नादात लहान खोलीतील हवा कोंडते. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीत उघडे करावयाचे असल्यास फोडणीचा धूर व वास बाहेर जाण्याची वाट आधी असावी लागते.

मर्यादा व मूल्यमापन : अल्पतमवादावर तो थंड, आठवणीशून्य व केवळ श्रीमंतांना परवडणारा असल्याचा आक्षेप घेतला जातो. वस्तू दुसरीकडे ठेवण्याची सोय किंवा आवराआवर करण्यास नोकर असणाऱ्यांनाच रिकामी खोली शोभते, या म्हणण्यात तथ्य आहे. लहान घरे विकताना ‘मिनिमलिस्ट’ हा शब्द उणिवा झाकण्यासाठी वापरला जातो, हेही खरे आहे. खिडकी, सज्जा वा साठवण वगळलेली सदनिका अल्पतमवादी नसून अपुरीच असते. दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे : भर पावसाळ्यात, घरी चार पाहुणे असताना व वीज गेलेली असतानाही घर वापरता येते की नाही, हे पाहावे. बापू कुटी व कोकणातील कौलारू घर या कसोटीस उतरतात. काचेची अनेक नामांकित घरे उतरत नाहीत. वगळण्याची कला ही राखण्याच्या विवेकावर उभी असते. तो विवेक नसेल, तर साधेपणा ही केवळ एक महागडी वेशभूषा ठरते.